धावफलक खालून वाचताना

रणजी करंडकाचा 2023-24 चा हंगाम मुंबईने जिंकला. आठ वर्षांनी आलेलं हे 42वं विजेतेपद. मुंबईचा धावफलक आपण वरून वाचायला शिकलो: मर्चंट, गावसकर, वेंगसरकर, तेंडुलकर. हा हंगाम मात्र तळापासून वाचावा. त्याचा खरा रस आठ ते अकरा या क्रमांकांत साठला आहे.

उपांत्यपूर्व सामना बडोद्याशी. पहिल्या डावात मुशीर खान नाबाद 203, संघाला आघाडी फक्त 36 धावांची. दुसऱ्या डावात 337 वर नववा गडी पडला आणि अकराव्या क्रमांकाचा तुषार देशपांडे दहाव्या क्रमांकाच्या तनुष कोटियनला येऊन मिळाला. तुषारने 123 केल्या, तनुष 120 वर नाबाद राहिला, भागीदारी 232 धावांची. दहाव्या आणि अकराव्या फलंदाजांनी एकाच डावात शतकं ठोकण्याचा प्रसंग याआधी एकदाच घडला होता, 1946 मध्ये सरेविरुद्ध चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांच्या हातून. अनिर्णित सामन्यात पुढे नेणारी पहिल्या डावाची आघाडी आधीच मिळाल्यामुळे या धावांवाचून मुंबईचं काही अडलं नसतं. पण गरज नसतानाही विकेट फुकट द्यायची नाही, हाच तर मुंबईचा जुना खडूसपणा. फक्त तो आता शेपटापर्यंत उतरला आहे.

उपांत्य सामन्यात गरजही होती. तमिळनाडूच्या 146 धावांपुढे मुंबई 7 बाद 106. इथे शार्दूल ठाकूरने 109 धावांचं प्रथम श्रेणीतलं पहिलं शतक झळकावलं आणि डाव 378 वर नेला. सामना एक डाव 70 धावांनी संपला.

विरारच्या फुलपाड्यातून बघताना या खेळीला आणखी एक पदर दिसतो. शार्दूल पालघरचा. डहाणूपर्यंत लोकल 2013 मध्ये धावली. त्याआधी विरारच्या पलीकडून किट घेऊन मुंबई गाठणं म्हणजे मिळेल ती गाडी पकडणं. सलामीचा पृथ्वी शॉ विरारचा, तुषार कल्याणचा. दादर-शिवाजी पार्कचं क्रिकेट लोकलच्या टोकाला असलेल्या गावांनी कसं उचललं, हे या धावफलकात लिहिलेलं आहे.

अंतिम सामना वानखेडेवर, 10 ते 14 मार्च 2024, समोर विदर्भ. 81 धावांची सलामी झाल्यावर मुंबई 6 बाद 111. पुन्हा शार्दूलच धावून आला, 75 धावांसह, आणि धावा 224 झाल्या. विदर्भ 105 वर आटोपला. दुसऱ्या डावात मुशीरने 136 धावांची संथ, चिवट खेळी केली आणि रणजी अंतिम सामन्यात शतक करणारा मुंबईचा सर्वांत लहान फलंदाज हा सचिनचा मान आपल्या नावावर केला. लक्ष्य 538.

इथे सामना एकतर्फी व्हायचा. तो झाला नाही, याचं श्रेय विदर्भाला. कर्णधार अक्षय वाडकरचं शतक आणि हर्ष दुबेच्या 65 धावा यांनी पाचव्या दिवशी उपाहारापर्यंत गडीच पडू दिला नाही. वाडकर बाद झाला आणि विदर्भ 368 वर थांबला. अखेरचा बळी धवल कुलकर्णीने घेतला, आणि तो त्याचा अखेरचा सामना. चेंडू त्याच्या हाती देण्यात कर्णधार अजिंक्य रहाणेची जाण दिसते.

या हंगामाला उणीवही आहे. वरची फळी वारंवार कोसळली. तळाने सावरलं नसतं तर 42 हा आकडा लांबला असता. म्हणून स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूची निवड नेमकी वाटते. तो मान गेला तनुष कोटियनकडे: 502 धावा आणि 29 बळी.