कर्तव्य कुणाचं, प्रेम कुणाचं?



पांढरपेशे समीक्षक म्हणतात, पडद्यावरचं प्रेम आता मोकळं झालं. पूर्वी माणसं कर्तव्यापायी मन मारायची, आता मनासारखं जगतात. मी सूतगिरणीतला कामगार. समीक्षा कुठं शिकलो नाही. पण हिशोब कळतो. या कर्तव्याची किंमत दरवेळी कुणी मोजली?

१९३६चा ‘अछूत कन्या’ घ्या. रेल्वे फाटकवाल्याची कस्तुरी आणि बामणाचा प्रताप. दोघांची लग्नं आपापल्या जातीत लागतात. शेवटी नवरा आणि प्रताप रुळावर मारामारी करतात, आणि गाडीखाली जाते कस्तुरी. मग तिचं स्मारक! त्याच साली बाबासाहेबांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये सांगितलं की जात मोडायचा खरा उपाय आंतरजातीय लग्न. सिनेमानं मात्र तिला मेल्यावर मोठं केलं, जिवंतपणी नांदू दिलं नाही.

१९५९च्या ‘सुजाता’त बिमल रॉयनी पाऊल पुढं टाकलं. नूतननं जीव ओतलाय. पण वाट कधी मोकळी होते? जी बाई तिला पोटची मानत नव्हती, तिला सुजाता रक्त देते तेव्हा. म्हंजे आपल्या पोरीनं माणूस असल्याचा दाखला रक्तानं द्यायचा.

१९९५च्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’त आईच म्हणते, पळून जा. राज म्हणतो, बापानं हात दिला तरच नेईन. मराठा मंदिरात हा सिनेमा हजार आठवड्यांच्या वर चालला. आपणही शिट्ट्या मारल्या. पण राजला थांबणं परवडतं. बाप मारून मारून थोबाडीत मारील. जात आडवी नसली की कर्तव्यसुद्धा गोड लागतं.

२०१६च्या ‘सैराट’मधी पाटलाची आर्ची आणि मासेमाराचा परश्या पळतात, झोपडपट्टीत राहतात, राबून संसार उभा करतात. मग माहेरचं कर्तव्य भेटवस्तू घेऊन दारात येतं आणि दोघांना कापून जातं. नागराज मंजुळेनं तिथं आवाजच बंद केला. २०१८ला हिंदीत त्याचा ‘धडक’ झाला, तर जातच पुसट झाली.

मूल्यं बदलली, पण जातीची ऊब असणाऱ्यांसाठी. त्यांच्याकडं प्रेम एकीकडं, कर्तव्य दुसरीकडं. आपल्याकडं जातीबाहेर जीव लावणं हेच कर्तव्य हाय.

आणि हे फक्त पाटलालाच ऐकवून भागणार नाही. आपल्याही घरात सोयरीक जुळवताना पोटजात विचारली जाते. तेव्हा सभेत गर्जणारे आपण गप का बसतो?