वाळलेल्या कलमांची नोंद

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाची काही मुले आमच्या बुरोंडीत राहून गेली. जाताना, ‘सर, भाषा तेवढी पाहा,’ म्हणून अहवाल माझ्याकडे ठेवला. महाविद्यालय कोणते, हे सांगण्याचे कारण नाही. भाषेत चूक अशी नव्हती. पण सबंध अहवालात माणूसही नव्हता.

योजना मात्र मला मनापासून आवडते. शेजारी दापोलीला १९७२ साली कृषी विद्यापीठ झाले, तेव्हापासून या भागाला शेतीचे पदवीधर नवे नाहीत. पण विद्यार्थ्याने काही आठवडे गावात राहून शेतकऱ्याबरोबर काम करायचे, या ‘ग्रामीण कार्यानुभवा’चे अप्रूप वाटतेच. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हातकामातून शिक्षणाचा आग्रह धरला, तो याच जातीचा.

आता अहवालातले हे वाक्य पाहा : ‘शेतकऱ्यांना कोय कलमाचे प्रात्यक्षिक करून दाखविण्यात आले.’

त्या पडवीत मी हजर होतो. नुकत्याच रुजलेल्या, तांबूस पानांच्या रोपाचा शेंडा छाटायचा, खोडाला उभी चीर द्यायची, हापूसच्या काडीला पाचरेसारखा आकार देऊन ती चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. सांगायला सोपे. मुलगा काडी तासतच बसला. तेव्हा घरच्या आजी म्हणाल्या, ‘काडी म्हणजे काय पेन्सिल आहे रे, कोरत बसायला? एका कापात काढ!’ आणि सुरी त्यांनीच घेतली.

पुढे मुलांची बहुतेक कलमे वाळली. का वाळली, हे विचारीत तो मुलगा तासभर आजींपाशी बसला होता. माझ्या मते त्याचे खरे शिक्षण त्या तासात झाले, आणि अहवालात नेमका तोच तास नाही.

‘दाखविण्यात आले’ या रचनेत कर्ता लपतो, हे मी शाळेत दरवर्षी शिकवतो. इथे कर्त्याबरोबर गुरूही लपला! मुलांना तरी दोष कसा द्यावा? छापील नमुन्यात यशाला रकाना होता, वाळलेल्या कलमाला नव्हता. अहवाल म्हणजे कादंबरी नव्हे, असे कोणी म्हणेल. कबूल. पण फसलेल्या प्रयोगाची नोंद ठेवणे हा कादंबरीचा नव्हे, शास्त्राचाच धर्म आहे.

अहवाल परत करताना मी त्यात एक कोरा कागद घातला : ‘वाळलेल्या कलमांबद्दल लिही.’

दोन महिन्यांनी पोस्टाने दोन पाने आली. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ. आजींना वाचून दाखवली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाल्या, ‘पण पट्टी सैल बांधलीन, ते कुठं लिहिलंन?’