झाडावरचं घर आणि बांधावरचं झाड

‘ट्रीहाउस मास्टर्स’चा कुठलाही भाग लावा, शेवट ठरलेला. घराच्या मालकांना डोळे मिटायला लावून झाडाखाली आणतात. मग ‘उघडा’ म्हणतात. समोर फांद्यांमध्ये वसलेलं लाकडी घर, झुलता पूल, तांब्याचा नळ, कधी कधी चक्क आंघोळीचा टब. बायका रडतात, पुरुष तोंडावर हात धरतात. २०१३ ते २०१८ या काळात ॲनिमल प्लॅनेटवर चाललेल्या या मालिकेचे तुकडे आजही मोबाइलवर फिरत असतात. सणसवाडीत, कंपनीची शिफ्ट संपवून दहा बाय दहाच्या खोलीत आडवं झालेल्या पोरांच्या मोबाइलवरही ते येतात. तिथं ही मालिका कशी दिसते, हा या लेखाचा प्रश्न आहे.

आधी तिचं श्रेय तिला देऊ. पीट नेल्सन हा वॉशिंग्टन राज्यातला सुतार-रचनाकार नुसता गोड बोलणारा माणूस नाही. तो झाडाला मिठी मारतो तेव्हा हसू येतं, पण पुढच्याच मिनिटाला तो खोडावर टकटक करून पोकळी शोधतो, बुंध्याशी कुजकी बाजू आहे का ते बघतो. झाड नीट नसेल तर तिथं बांधायचं नाही. मालिकेतला सगळ्यात शिकण्यासारखा भाग हाच, आणि तो दोन जाहिरातींच्या मध्ये घाईत उरकला जातो.

आपल्याला वाटतं, झाडाला खिळा मारणं क्रूर आणि दोर बांधणं सौम्य. खरं जवळजवळ उलटं आहे. सालीच्या लगेच आत जो जिवंत थर असतो, त्यातून झाडाचं अन्न खाली जातं आणि खोड दरवर्षी जाड होतं. दोर किंवा पट्टा घट्ट आवळला की वाढणारं खोड त्यात रुतत जातं आणि झाडाचा गळा आवळला जातो. उलट एकच जाड पोलादी बोल्ट खोल बसवला, तर झाड त्याच्याभोवती नवं लाकूड चढवतं. अमेरिकी वन विभागातले शास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी हजारो खोडं चिरून हे दाखवलं होतं: झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड जखमी भागाला आतून भिंत घालतं आणि पुढं वाढत राहतं. म्हणून पन्नास खिळ्यांच्या पन्नास जखमांपेक्षा एक मोठी जखम बरी. निरोगी झाडात असा एक बोल्ट काही टन वजन पेलतो. घर दोन झाडांवर असेल तर एका बाजूचा आधार सरकता ठेवावा लागतो, कारण वाऱ्यात दोन्ही झाडं आपापल्या तालात हलतात. जखडलं तर घर तरी फाटतं, नाहीतर बोल्ट तरी तुटतो.

हे सगळं पटतं. खटकतं ते वेगळंच. या मालिकेतल्या झाडाला शेजारी नसतो.

प्रत्येक भागात झाड मालकाच्या जमिनीच्या मधोमध उभं असतं. उंच डग्लस फर, पसरलेला ओक. ते कुणी राखलं, किती वर्षं राखलं, त्याच्या सावलीवरून कोण कुणाशी भांडलं, याबद्दल अवाक्षर नाही. शिरूर-दौंडकडच्या माणसाला हे परग्रहावरचं वाटेल. आपल्याकडे मोठं झाड बहुतेकदा बांधावर असतं. चिंच, बाभूळ, कडुलिंब, आंबा. बांध दोघांचा, म्हणून झाडही दोघांचं, म्हणून भांडणही दोघांचं. सावलीखाली ज्वारी खुजी राहते, मुळं पाणी ओढतात, पाखरं फांदीवर बसून कणसांवर उतरतात. ते झाड साठ वर्षं टिकलं असेल तर त्यामागे दोन घरांचा समजूतदारपणा असतो, किंवा कोर्टातली तारीख. जमिनीचे प्लॉट पडले की दोन्ही संपतं आणि आधी झाड जातं. नगर रोडच्या दोन्ही अंगांना हेच झालं. शेताची कंपनी झाली, कंपनीमागे खोल्या आल्या. खोल्यांमध्ये माणसं मावली, झाडं मावली नाहीत.

तेव्हा झाडावरच्या घराचा पहिला माल लाकूड नव्हे, वेळ आहे. देवदार विकत मिळेल, बोल्ट मागवता येईल, साठ वर्षांची चिंच मागवता येत नाही. मालिका सहा आठवड्यांचं काम आपल्याला पाऊण तासात दाखवते आणि त्याआधीची साठ-सत्तर वर्षं फुकट वापरते. माझी मुख्य तक्रार ही.

झाडावरचं घर हे खोटं बोलायला सोपं माध्यम आहे, हेही लक्षात ठेवावं. बीबीसीच्या ‘ह्यूमन प्लॅनेट’ या २०११ च्या गाजलेल्या मालिकेत पापुआतले कोरोवाई लोक प्रचंड उंच झाडावर घर बांधून तिथं राहायला जाताना दिसले. २०१८ मध्ये बीबीसीनंच कबूल केलं की ते घर चित्रीकरणासाठी बांधून घेतलेलं होतं. कोरोवाई झाडांवर घरं बांधतात हे खरं, पण इतक्या उंचावर ते राहत नाहीत. उंची कॅमेऱ्याला हवी होती. आपल्याकडचे रिसॉर्ट याच खोट्याची स्वस्त आवृत्ती काढतात: लोखंडी गर्डरवर खोली, खाली सिमेंटचं खोड, त्यावर सालीचा रंग, आणि फलकावर ‘ट्री हाउस’.

याच्यासमोर मला जपानमधलं एक घर ठेवावंसं वाटतं. वास्तुकलेचे इतिहासकार तेरुनोबू फुजिमोरी यांनी २००४ मध्ये चिनो इथं ‘ताकासुगी-आन’ नावाची चहाची खोली बांधली. नावाचा अर्थच ‘फार उंच चहाघर’. ते जिवंत झाडावर नाही. डोंगरातून आणलेली चेस्टनटची दोन खोडं जमिनीत रोवून त्यांच्या टोकावर ती एवढीशी खोली ठेवली आहे. शिडीवर चपला काढून वर चढायचं. वाऱ्यात खोली डुलते. इथं फसवणूक नाही: झाड तोडलेलं आहे हे दिसतं, आणि आपण हवेत बसलो आहोत हेही कळतं. जिवंत झाडाचं सोंग घेणाऱ्या सिमेंटपेक्षा हे मला कितीतरी प्रामाणिक वाटतं.

आणि खरं तर ही रचना आपल्याला नवी नाही. ज्वारीच्या रानातला माळा म्हणजे दुसरं काय? चार मेढी, वर आडवी लाकडं, त्यावर कडब्याच्या पेंढ्या. हुरड्यापासून काढणीपर्यंत कुणीतरी त्यावर गोफण घेऊन उभं राहायचं आणि पाखरं हाकायचं. सुगी झाली की माळा मोडायचा, लाकडं चुलीला. त्याला ना मालकीचा तोरा, ना डोळे मिटायची गरज. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वन विभाग पाणवठ्यांजवळच्या मचाणांवर लोकांना बसू देतो, तिथंही नियम हाच: वर बसायचं ते बघायला, दिसायला नाही. ‘ट्रीहाउस मास्टर्स’मधल्या मचाणावर मात्र टीव्हीसुद्धा असू शकतो.

माळ्याला मी उगाच गोंजारत नाहीये. त्यावर उभं राहणारं पोर बऱ्याचदा शाळा बुडवून उभं असायचं. ज्वारी मागे पडून ऊस आला तेव्हा माळाही गेला, त्याचं कुणाला फारसं वाईट वाटलं नाही. आणि उसासोबत बिबट्या आला. तो झाडावर सहज चढतो, तेव्हा ‘उंच जागा म्हणजे सुरक्षित जागा’ हे स्वप्न शिरूर तालुक्यात तरी खरं नाही.

मग त्या दहा बाय दहातल्या पोरानं ही मालिका बघून काय करायचं? सणसवाडीत लाकूड तर आहे. कंपन्यांतून भंगारात निघणारी पॅलेट ढिगानं मिळतात. परदेशातून आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचा शिक्का असतो. त्यात ‘एचटी’ असेल तर लाकूड ५६ अंशांना किमान ३० मिनिटं तापवलेलं आहे. ‘एमबी’ असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइडची विषारी धुरी दिलेली आहे, ते घ्यायचं नाही. तापवल्यानं आतली कीड मरते, नवी वाळवी थांबत नाही. म्हणून मेढी चांगल्या घ्याव्या लागतील आणि फळ्या दर एक-दोन पावसाळ्यांनी बदलाव्या लागतील. गुलमोहराच्या नादी लागू नये, त्याच्या फांद्या वादळात मोडतात. माळा मेढींवरच करावा आणि शेजारी एक चिंच किंवा वड लावावा.

मालिकेनं हे कधीच सांगितलं नाही, कारण त्यात डोळे उघडायचा क्षण नाही. ते झाड माणूस पेलण्याजोगं होईल तेव्हा लावणाऱ्याची नातवंडं वर चढतील, तीही जागा तोवर कुणी विकली नाही तर. झाडावरच्या घराबद्दलचा खरा प्रश्न त्या ‘तर’मध्ये आहे. पीट नेल्सनला तो कधी विचारावा लागला नाही. सणसवाडीला तो रोज विचारावा लागतो.