रस्त्याखालची माती आणि मराठी परिभाषा

रस्तेबांधणीविषयी मराठीत जे लेखन होते, त्यात ‘कच्चा’ आणि ‘पक्का’ ही जोडी सर्रास आढळते. ही विशेषणे रस्त्याच्या पृष्ठभागाविषयी बोलतात. खालच्या मातीविषयी ती मूक आहेत. वस्तुतः रस्त्याची जाडी ठरविताना वाहतुकीइतकाच मातीचाही विचार करावा लागतो. वरचे थर चाकाचा भार पसरवून तो मातीला सोसेल इतका सौम्य करतात. म्हणून माती जितकी दुबळी तितके थर जाड, हे या शास्त्राचे मूळ सूत्र होय. प्रस्तुत टिपणात या सूत्राच्या दृष्टीने आपल्या शब्दांची परीक्षा करावयाची आहे.

प्रथम ‘सबग्रेड’ आणि ‘सबबेस’ या संज्ञा घेऊ. पहिलीने रस्त्याखालची दाबून सिद्ध केलेली माती दर्शविली जाते. दुसरीने तिच्यावर पसरलेला मुरूम-खडीसारखा थर. दोहोंतील ‘सब’साठी ‘उप’ हा उपसर्ग योजल्यास रूपे सुबक होतील. परंतु भार झेलणारी माती आणि भार पसरविणारा थर हा मूलभूत भेद पुसट होईल. पहिल्या अर्थी ‘तळमाती’ हा साधा समास मला अधिक ग्राह्य वाटतो.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. भारी, मध्यम, हलकी, बरड, मुरमाड, चोपण असे मातीचे सूक्ष्म वर्गीकरण मराठीत पूर्वापार आहे. पण त्याचा निकष पिकाचा आहे. बेसॉल्टपासून झालेली दख्खनची काळी माती मॉन्टमोरिलोनाइट या खनिजामुळे पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. शेतकरी तिला ‘भारी’ म्हणून गौरवितो. भारतीय रस्ते काँग्रेसच्या २००७ सालच्या ग्रामीण रस्त्यांच्या मार्गदर्शिकेत मात्र कॅलिफोर्निया बेअरिंग रेशो २ टक्के असलेली माती अत्यंत निकृष्ट आणि ३ ते ४ टक्के असलेली निकृष्ट गणली आहे. भिजलेली काळी माती बहुधा याच वर्गांत पडते. उलट, ‘हलकी’ मुरमाड जमीन रस्त्याला मानवते. एकच विशेषण दोन व्यवसायांत परस्परविरुद्ध मूल्य धारण करते, हे परिभाषाकारांनी ध्यानात ठेवले पाहिजे.

या ‘रेशो’ला ‘धारणक्षमता’ म्हणण्याचा मोह टाळावा. ही मातीची अंगभूत शक्ती नव्हे. ५० मिलिमीटर व्यासाचा दट्ट्या मातीत २.५ किंवा ५ मिलिमीटर रुतविण्यास लागणारा भार आणि प्रमाणभूत फोडलेल्या खडीत तेवढाच रुतविण्यास लागणारा भार यांची ती टक्केवारीतील तुलना आहे. शिवाय नमुना चार दिवस भिजविला की तोच आकडा पुष्कळ उतरू शकतो. म्हणजे मोजली जाते ती विशिष्ट ओलाव्यातील, विशिष्ट घट्टपणाची माती. मातीचा विचार अवस्थेसह करण्याची ही दृष्टी मराठीला परकी नाही. ‘वाफसा’ हा शब्द त्याचा पुरावा होय. रस्त्याच्या मातीची दबाई करतानाही असाच एक इष्टतम ओलावा साधावा लागतो. मात्र वाफशाचा हेतू मशागतीचा, तर येथील हेतू मातीतील पोकळी कमी करण्याचा. सबब शब्द उसना न घेता त्यामागील विचार घ्यावा, हे बरे.

केवळ ‘जाडी’ या शब्दावर विसंबण्यातही धोका आहे. काळ्या मातीवरील रस्त्याच्या मध्यभागी ओलावा बराचसा स्थिर राहतो, पण कडांना तो ऋतूगणिक बदलतो. त्यामुळे कडेलगत लांबट भेगा पडतात. नुसते थर वाढवून हा दोष जात नाही. त्यासाठी चुन्याने मातीचे स्थिरीकरण, पाण्याचा निचरा, किंवा मुंबईच्या आय.आय.टी.तील प्रा. आर. के. कट्टी यांनी पुरस्कारिलेला न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर, असे उपाय योजावे लागतात. दुर्बलता आणि फुगीरपणा हे दोन भिन्न दोष आहेत. त्यांना ‘खराब माती’ या एकाच नावाखाली घालणे म्हणजे एकाच्या औषधाने दुसऱ्याचा इलाज करणे होय.

या चिकित्सेचे प्रयोजन केवळ कोशापुरते नाही. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या कामावर थरांची माहिती स्थानिक भाषेत फलकावर देण्याची पद्धत आहे. त्या फलकावर थरांची जाडी असली आणि तळमातीचा उल्लेख नसला, तर ती जाडी पुरेशी की अपुरी हे वाचणाऱ्यास ठरविता येत नाही. मूळ इंग्रजी शब्दाशी निष्ठा किंवा संस्कृत रूपाची शुद्धता हे परिभाषेचे गौण गुण आहेत. शास्त्राने केलेला भेद भाषेत टिकतो की नाही, हीच तिची खरी कसोटी मानली पाहिजे.