धावता रथ आणि उभा रथ

प्राचीन ग्रीकांच्या चित्रित मृद्भांडांवर रथ वारंवार भेटतो. अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात सोफिलोस या चित्रकाराने रंगविलेल्या भांड्याचा एक तुकडा आहे. काळ साधारण इ. स. पू. ५८०-५७०. पॅट्रोक्लसच्या अंत्यविधीप्रसंगी अकिलीझने भरविलेली रथशर्यत हा त्याचा विषय. एकीकडे दौडणारे घोडे, समोर पायऱ्यांच्या मंचावर हातवारे करणारे प्रेक्षक. भांड्याचा बहुतांश भाग नाहीसा झाला, तरी शर्यत नाहीशी झाली नाही; कारण चित्रकाराने वेग केवळ घोड्यांच्या पायांत नव्हे, तर पाहणाऱ्यांच्या हातांतही साठविला आहे.

आता आपल्या प्रवरेकाठी येऊ. श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद येथे १९७४ साली झाडाचे मूळ खणताना एका भिल्ल शेतकऱ्याला चार ब्राँझशिल्पे सापडली. त्यांतील रथ सुमारे ४५ सेंटिमीटर लांब आहे. लांब दांडीला दोन बैल जुंपलेले, मागे ताठ उभा सारथी. येथे ना शर्यत, ना प्रेक्षक. ग्रीक रथासमोर हा रथ ओबडधोबड ठरविण्याचा मोह होतो. मला तो न्याय वाटत नाही. सोफिलोसला एक क्षण पकडायचा होता. आपल्या अनाम कारागिराने बैलांचा संथपणा आणि सारथ्याचा धीर पकडला. बैलाचे मोल धावण्यात नसून ओढण्यात आहे, हे त्याने ओळखले होते.

मात्र एका बाबतीत आपण उणे पडलो. ही शिल्पे शास्त्रीय उत्खननात, थरासह मिळाली नाहीत. म्हणून डॉ. म. के. धवळीकरांनी ती उत्तर-हडप्पा काळातील मानली, तर धातूतील आर्सेनिकवरून डी. पी. अग्रवाल यांनी शंका घेतली. याउलट, १९५०-५१ मध्ये नाशिक व जोर्वे येथे डॉ. सांकलिया व डॉ. देव यांनी थराथराने उत्खनन केले. म्हणून तेथील साध्या खापऱ्याही आपला काळ सांगू शकल्या. मौल्यवान ब्राँझ मुके राहिले, आणि माती बोलली!

वाचकहो, गोदा-प्रवरेच्या खोऱ्यात आपल्यापैकी अनेकांची शेते आहेत. नांगराच्या फाळाला उद्या रंगीत खापरी लागली, तर ती घरी नेण्याआधी क्षणभर थांबावे, जागा जशीच्या तशी ठेवावी आणि पुरातत्त्व विभागास कळवावे. खापरीचे अर्धे चरित्र तिच्या अंगावर असते, उरलेले अर्धे ती जेथे पडली त्या मातीत.