गुन्हेगार सापडला, गुन्हा हरवला

रहस्यकथेचा शेवट सांगू नये असा संकेत आहे. पण शेवटच फसला असेल तर तो सांगितल्यावाचून समीक्षा कशी करायची?

अगाथा ख्रिस्ती यांची ‘अपॉइंटमेंट विथ डेथ’ ही कादंबरी १९३८ सालची. जेरुसलेमच्या हॉटेलात रात्री हर्क्यूल पॉयरोच्या कानांवर भावाबहिणीचे बोलणे पडते : तिला मारल्याशिवाय गत्यंतर नाही. ‘ती’ म्हणजे त्यांची सावत्र आई, मिसेस बॉयन्टन. पूर्वी ती तुरुंगात पहारेकरीण होती. लग्नानंतर तिने घराचाच तुरुंग केला. मोठी झालेली मुलेही तिच्या नजरेने गोठतात. घरातला जुलूम इतक्या थंडपणे रंगवणारी रहस्यकथा विरळाच.

पेट्राच्या छावणीत म्हातारी मरते. आता खरा प्रश्न उभा राहतो : ज्यांनी तिचे मरण मनापासून इच्छिले, ते निर्दोष कसे? कादंबरी या प्रश्नाला भिडत नाही. खुनी निघते लेडी वेस्टहोम, पार्लमेंटची सदस्य आणि एकेकाळी त्याच तुरुंगातली कैदी. धागा आधी पेरलेला आहे, त्यामुळे कोडे म्हणून फसवणूक नाही. पण ज्या कुटुंबाची वेदना आपण पानोपानी वाचली, ते हात न मळवता मोकळे होते आणि उपसंहारात सुखी दिसते. वाचकाच्या पदरी उत्तर पडते, इन्साफ पडत नाही.

आणखी एक गोष्ट खटकते. खुनी बाई अरब नोकराच्या वेषात दिवसाढवळ्या बळीपर्यंत पोहोचते. नोकराचा चेहरा कोण पाहतो, या गृहीतावरच ही युक्ती उभी आहे. साहेबी नजरेच्या या आंधळेपणाचा लेखिकेने उपयोग करून घेतला. त्याला प्रश्न मात्र विचारला नाही. त्या काळात, १९३६ ते १९३९, पॅलेस्टाईनमध्ये अरबांचा उठाव पेटला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे ही उणीव अधिक बोचते.

लेखिकेलाही हा शेवट अखेरचा वाटला नसावा. १९४५ साली रंगभूमीवर आलेल्या नाट्यरूपात पॉयरो नाही आणि खूनही नाही. म्हातारी स्वतःच जीव देते, तोही मुलांवर संशयाचे जोखड ठेवून. जुलमी माणूस मेल्यावरही त्याची भीती घरात उरते, हे सत्य तिथे हाती लागते. कादंबरी जरूर वाचावी. पण तिचा खरा शेवट नाटकात शोधावा.