तबला बंद, यंत्र सुरू : चरणजीत सिंग यांच्या दहा रागांविषयी

एखाद्या कलावंताची कीर्तीच त्याच्या कामाआड येते, तेव्हा समीक्षेला आधी ती कीर्ती बाजूला सारावी लागते. चरणजीत सिंग यांच्याबाबतीत नेमके हेच करण्याची वेळ आली आहे. मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीत गिटार आणि बेस गिटार वाजवणाऱ्या या वादकाने १९८२ साली 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही ध्वनिमुद्रिका केली. एचएमव्हीने ती काढली, ती फारशी खपली नाही आणि विसरली गेली. पुढे २००२ मध्ये एदो बाउमान या डच संग्राहकाला तिची एक प्रत दिल्लीतल्या एका दुकानात सापडली. २०१० मध्ये त्याने ती आपल्या 'बॉम्बे कनेक्शन' या लेबलतर्फे पुन्हा प्रकाशित केली आणि पाहता पाहता चरणजीत सिंग 'ॲसिड हाऊसचे जनक' ठरले. हे ध्वनिमुद्रण खरोखर १९८२ चे आहे यावर काहींचा विश्वासच बसेना. कोणा युरोपीय संगीतकाराने केलेली ही थट्टा असावी, अशीही कुजबुज झाली.

या सगळ्या गलबल्यात एक साधा प्रश्न मागे पडला. या तबकडीवर दहा राग आहेत. ते कसे वाजले आहेत? परदेशी लेखकांनी यंत्रांबद्दल भरपूर लिहिले. रागांबद्दल लिहिणे आपले काम होते आणि ते आपण बव्हंशी केले नाही. प्रस्तुत लेखात मी ते करून पाहणार आहे.

प्रथम 'जनक' या पदवीचा निकाल लावू. शिकागोच्या 'फ्यूचर' या गटाची 'ॲसिड ट्रॅक्स' ही तबकडी १९८७ साली आली आणि तिच्यापासून ॲसिड हाऊस या नृत्यसंगीताची परंपरा सुरू झाली असे मानतात. त्या तबकडीतला चिवट, लवचिक, घुसमटल्यासारखा आवाज रोलँड या जपानी कंपनीच्या टीबी-३०३ या यंत्राचा होता. तेच यंत्र चरणजीत सिंग यांनी पाच वर्षे आधी वापरले होते, ही गोष्ट खरी. पण जनक व्हायला वंश लागतो. शिकागोच्या मुलांनी मुंबईची तबकडी ऐकली होती असे मानायला काहीच आधार नाही. दोघांनी एकाच यंत्रातून, एकमेकांना न ओळखता, सारखा आवाज काढला. याला स्वतंत्र शोध म्हणावे. पितृत्व म्हणू नये. ही पदवी काढून घेतल्याने चरणजीत सिंग लहान होत नाहीत. उलट, शिकागोच्या आरशात न पाहता त्यांच्याकडे सरळ पाहता येते.

सरळ पाहिले की दिसतो तो एक कसबी कामकरी वादक. शंकर-जयकिशन, राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्यासाठी त्यांनी ध्वनिमुद्रणे केली. त्या काळच्या व्यवस्थेत संगीतकाराचे नाव पडद्यावर येई. वादकांची नावे तबकडीच्या वेष्टनावरही क्वचितच येत. कोणत्या गाण्यात कोणी काय वाजवले याची पद्धतशीर नोंद व्हायला ग्रेगरी बूथ यांच्या 'बिहाइंड द कर्टन' या २००८ च्या ग्रंथापर्यंत वाट पाहावी लागली. पडद्यामागच्या या जगात वादकाची किंमत दोन गोष्टींवर ठरे : नवा आवाज त्याच्याकडे आहे का, आणि सांगितलेले तो पहिल्या झटक्यात वाजवतो का.

म्हणूनच चरणजीत सिंग यांचे गिटारवरून इलेक्ट्रॉनिक वाद्यांकडे जाणे मला पंथबदलासारखे वाटत नाही. गिटार आणि बेस यांच्या जोडीला ते ट्रान्झिकॉर्ड वाजवत. हा अकॉर्डियनच्या बांध्याचा पण विजेवर चालणारा बाजा आहे. विद्युत गिटार, ट्रान्झिकॉर्ड आणि मग सिंथेसायझर अशी ही चढती पायरी आहे. 'गाँग' या रॉक बँडमधले गिटारवादक स्टीव्ह हिलेज यांच्याशी तुलना केली तर फरक कळतो. लंडनच्या एका नृत्यगृहात आपलीच १९७९ ची जुनी तबकडी तरुण डीजे वाजवतो आहे, हे ऐकून हिलेज त्या जगाकडे वळले आणि 'सिस्टिम ७' हा नवा संसार त्यांनी मांडला. गोव्यात स्थायिक झालेले अमेरिकन गोवा गिल हेही हणजुणेच्या किनाऱ्यावर आधी गिटार घेऊन होते आणि ऐंशीच्या दशकात यंत्रसंगीताकडे गेले. या दोघांना श्रोत्यांचा नवा समाज सापडला होता. चरणजीत सिंग यांच्यापुढे असा समाज नव्हताच. चित्रपटांत डिस्कोची लाट होती, काहीतरी वेगळे करावे असे वाटले, म्हणून तबला बंद ठेवून रागांमागे डिस्कोचा ठेका घातला, इतकीच साधी कारणमीमांसा त्यांनी पुढे मुलाखतींत दिली. मला ती पुरेशी वाटते.

त्यांनी वापरलेली यंत्रे तीन : ठेक्यासाठी टीआर-८०८, खर्जासाठी टीबी-३०३ आणि सुरावटीसाठी ज्युपिटर-८. तिन्ही रोलँडची, १९८० ते १९८२ या काळात बाजारात आलेली. यांतले टीबी-३०३ हे मुळात एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बेसची साथ मिळावी म्हणून बनवले होते. त्या कामी ते फसले आणि १९८४ मध्ये त्याचे उत्पादन बंद पडले. त्यात १६ घरांचा एक साचा असतो. प्रत्येक घरात एक स्वर भरायचा, हवा तिथे आघात द्यायचा, आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची खूण करायची. ही घसर म्हणजे यंत्राची मींडच. भारतीय कानाला हे यंत्र परके का वाटत नाही, याचे एक कारण इथे आहे. साचा फिरत राहतो, तेच स्वर परत परत येतात, आणि खर्ज थोडेफार तंबोऱ्याचे काम करू लागतो.

आता रागांकडे. या दहांत भूपाली, कलावती, मालकंस आणि बैरागी असे किमान चार राग औडव, म्हणजे पाच स्वरांचे आहेत. भूपालीत मध्यम-निषाद नाहीत, मालकंसात ऋषभ-पंचम नाहीत. स्वर कमी आणि चाल मोकळी असल्याने सोळा घरांच्या साच्यात हे राग नीट बसतात. मालकंसात खर्जाचा साचा आणि वरची जलद सुरावट एकमेकांना धरून चालतात, रागाचे रूप पहिल्या काही आवर्तनांतच डोळ्यांपुढे उभे राहते. कलावतीत कोमल निषादावरून धैवताकडे येणारी वाट यंत्रालाही मानवते. या ठिकाणी मला वादकाची निवड अचूक वाटते. यंत्राला काय झेपेल हे त्याला कळले होते.

तोडीत मात्र गाडी अडते. तोडीचा गंधार नुसता कोमल नसतो. तो आणखी उतरलेला, ऋषभाच्या आधाराने आंदोलत घ्यायचा असतो. ज्युपिटर-८ च्या पट्ट्या समान अंतरांवर बांधलेल्या आहेत. त्यांत तो गंधार नाही. परिणामी तोडीचे स्वर मिळतात, तोडीची व्यथा मिळत नाही. ललितमध्ये पंचम वर्ज्य आणि दोन्ही मध्यम लागोपाठ. त्या दोन मध्यमांमधल्या निसरड्या जागेतच राग राहतो. यंत्र ती जागा एका उडीत ओलांडते. ललित ओळखू येतो, पण पहाट होत नाही.

हा दोष नवा नाही. पेटीवर हाच आक्षेप होता. आकाशवाणीने १९४० साली पेटीला दार बंद केले ते स्थिर स्वरांच्या कारणाने, आणि ते दार किलकिले व्हायला १९७१ उजाडले. या बंदीच्या काळात महाराष्ट्रात पेटी थांबली का? गोविंदराव टेंबे यांनी तिला एकलवादनाची प्रतिष्ठा दिली होती, नाटक आणि भजन तिच्यावाचून उभे राहत नव्हते. स्थिर स्वरांच्या वाद्यावर राग सूचित करता येतो, कारण उरलेले अंतर श्रोत्याचा कान भरून काढतो. पेटीला आपण ही सवलत दिली. सिंथेसायझरला देताना मात्र आपले हात आखडतात.

माझा खरा आक्षेप स्वरापेक्षा तालाबद्दल आहे. त्रितालात नवव्या मात्रेला खाली येते. तिथे ताल श्वास घेतो आणि त्या उतारामुळेच समेवर येण्याला अर्थ प्राप्त होतो. डिस्कोच्या ठेक्यात खाली नाही. प्रत्येक मात्रेवर तोच ठोका, तेवढाच वजनदार. सम कुठेही असू शकते, म्हणजे ती कुठेच नसते. शिवाय या तबकडीत रागाला विलंबित नाही. साधारण पाच मिनिटांत राग सुरू होतो तो थेट द्रुतात. रागाचा विस्तार या अर्थाने पाहिले तर हे दहा तुकडे अपुरेच म्हणावे लागतील.

पण मग या तबकडीला कोणत्या कसोटीवर पाहायचे? अशोक दा. रानडे यांनी भारतीय संगीताच्या कोटी सांगितल्या, त्यांत कलासंगीत, जनसंगीत यांच्यासोबत भक्तिसंगीत आणि लोकसंगीतही वेगवेगळी ठेवली. प्रत्येक कोटीचे प्रयोजन निराळे, म्हणून कसोटी निराळी. या तबकडीवरची सामग्री कलासंगीताची आहे आणि साज जनसंगीताचा. परिणाम मात्र तिसऱ्याच ठिकाणी, पुनरावृत्तीने तंद्री लागण्यात, जाऊन पोहोचतो. मी हा लेख हिंगोली जिल्ह्यात बसून लिहितो आहे. इथल्या नर्सी नामदेवच्या वाटेवर दिंडी चालते तेव्हा टाळ-मृदंगाच्या त्याच त्या आवर्तनांत एकच चरण कितीदा घोळवला जातो, याची गणती कोणी ठेवत नाही. तिथे विस्तार ही कसोटीच नसते. चरण घोळता घोळता चालणाऱ्यांचे पाय एक होतात की नाही, एवढेच पाहायचे असते. या तबकडीच्या आरंभी यंत्राच्या आवाजात 'ओम नमः शिवाय' येते. औंढा नागनाथाच्या परिसरात कर्ण्यावरून तोच मंत्र रोज ऐकणाऱ्याला त्यात विनोद दिसणार नाही आणि भविष्याची चाहूलही लागणार नाही. मंत्र आणि वीज यांचा सहवास आपल्याकडे जुना आहे. बंगळुरूच्या जी. राजनारायण यांनी १९७९ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक तंबोरा घडवला आणि आज गावोगावच्या कीर्तनात तो वाजतो. त्याला कोणी यंत्रसंगीत म्हणत नाही.

तरीही एक बोच उरते. याच जिल्ह्यात लग्नाच्या वरातीपुढे हलगी-सनई होती, मग पितळी बँड आला, मग बेंजो, मग कीबोर्ड-ऑक्टोपॅड, आणि शेवटी डीजे. प्रत्येक पायरीवर माणसे कमी होत गेली. वरातीपुढे वीस वादक होते तिथे एक चालक उरला. मुंबईतही तेच झाले. व्हायोलिनांचे मोठे ताफे घेऊन ध्वनिमुद्रण करणारी चित्रपटसृष्टी सिंथेसायझर आल्यावर आटत गेली, आणि चरणजीत सिंग ज्या वर्गातून आले तो वर्गच विरळ झाला. ज्या यंत्रांनी पुढे त्यांच्या सोबत्यांचे काम घेतले, तीच यंत्रे त्यांनी आधीच विकत घेतली होती. यात काव्यात्म न्याय शोधू नये. कामकरी माणूस नवे हत्यार आधी घेतो, कारण मागे राहण्याची किंमत त्याला ठाऊक असते.

फरक एवढाच, आणि तो मला निर्णायक वाटतो, की चरणजीत सिंग यांनी यंत्र वाजवले. खर्जाचा साचा त्यांनी भरला, त्याचा गाळ फिरवून आवाज कधी उघडला, कधी मिटला, आणि वरची सुरावट हाताने वाजवली. गिटारवर तयार झालेल्या बोटांची घाई आणि खोड त्या सुरावटीत ऐकू येते. आयुष्यभर दुसऱ्याच्या गाण्यात आठ-दहा मात्रा वाजवून बाजूला होणारा वादक इथे तबलजी, बेसवाला आणि गायक सगळे स्वतःच झाला आहे. यंत्राने ताफा संपवला हे खरे. पण या एका तबकडीत यंत्राने ताफ्यातल्या एका माणसाला नाव दिले, हेही तितकेच खरे.

ते नाव उशिरा पोहोचले. सत्तरी ओलांडल्यावर ते युरोपच्या मंचांवर हेच राग वाजवत होते, आणि समोर नाचणाऱ्या बहुतेकांच्या जन्माआधीची ती रचना होती. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. आपल्या संगीतसमीक्षेने त्यांची दखल घेतली ती बहुधा परदेशी बातमीचा अनुवाद म्हणून.

ज्यांना ही तबकडी ऐकायची असेल त्यांनी मालकंसापासून सुरुवात करावी, मग कलावती, आणि सर्वांत शेवटी तोडी ऐकावी. पहिल्या दोहोंत वादकाने यंत्राला आपल्या रागात आणले आहे. तोडीत यंत्राने रागाला आपल्या घरात ओढले आहे. दोन्ही ऐकल्यावर जे मत होईल ते आपले असेल, आणि त्यासाठी शिकागोची साक्ष काढावी लागणार नाही.